लाल सोड्याचा ग्लास

अमेरिकेत रेडमंडला आमच्या ऑफिससमोर एक थाई बाई छोटंसं हॉटेल चालवायची. पाच वर्षं तिच्या हातचं जेवलो, पण नाव कधी विचारलं नाही. काउंटरवरच्या चिमुकल्या देवघरापुढे ती रोज लाल सोड्याचा ग्लास ठेवायची, तोही स्ट्रॉसकट. पहिल्या दिवशी कुणीतरी विसरलंय समजून मी तो उचलायला गेलो, तर तिने माझ्या हातावर कलथ्याचा दांडाच हाणला. "देवाचा आहे!" नैवेद्याला स्ट्रॉ असते, हे मला काय ठाऊक!

२००७ मध्ये एका दुपारी तिथे दोन ग्लास दिसले. मी विचारलं, तर कलथा झेंड्यासारखा उंचावून ती तिच्या तुटक इंग्रजीत म्हणाली, "पट्टायातली आमची बारची गल्ली बदलतेय. आता लोक बायकापोरं घेऊन येतात. ज्या बारमध्ये मी ग्लास विसळायचे, तो बंद झाला. त्याच जागेत उद्या माझी मुलगी हॉटेल उघडतेय. नाश्त्याचं!"

"तिथे नाश्त्याला कोण येणार?"

"येतील! ती गल्ली आजवर दुपारपर्यंत झोपायची. माझी मुलगी तिला सातला उठवणार!"

मग दुसरा ग्लास तिने स्वतः उचलून माझ्या हातात दिला.

"आज घे. देवाचं पिऊन झालंय."