पोटाची चुगली आणि कुंदाताई

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत दुसरीच्या मुलांना वजाबाकी शिकवत होते. फोन त्यांच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थिनीचा होता. मॅडम सकाळी आल्या, खुर्चीत बसल्या, चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत... पुढचं तिला बोलवेना. फळ्यावरचं गणित तसंच टाकून मी अंजूरला घरी निघाले. कुंदाताई माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय सत्तावन्न, आजार काही नाही. रिक्षात एकच विचार डोक्यात होता, आईंना कसं सांगायचं? माझ्या सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "चहा पिऊन तरी जायची व्हती गो..."

आज दीड महिना झाला. घरात त्यांचा विषय निघतो, डोळे भरून येतात, आणि दोन वाक्यांत कोणीतरी हसायला लागतं. त्याला आमचा इलाज नाही, कुंदाताई होत्याच तशा. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी, खारबावची नवी नवरी, पाहुण्यांच्या गराड्यात खाली मान घालून बसले होते. मुंबईत संशोधन करणारी नणंद म्हणून मला त्यांची धास्तीच होती. त्या आल्या, माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि भर घोळक्यात त्यांनी विचारलं, "शुभा, तुझं पोट साफ असतं ना रोज?" मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्याच इतक्या मोठ्यानं हसल्या की अख्खी ओटी हसली, आणि माझी धास्ती तिथंच संपली.

लहानपणी त्या शिंकांनी बेजार असायच्या. सकाळी पोर उठली की नाही हे बघायला कोणाला आत जावं लागत नसे. वडील बाहेर बैल सोडता सोडता शिंका मोजायचे, आणि दहाच्या वर गेल्या की म्हणायचे, "कुंदा आज खुशीत हाय!" भाताचं तूस, भिवंडीच्या यंत्रमागांचा कापूस, काहीही नाकाला लागायचं. पण धाकट्या भावाला त्याच तुसात लोळूनही काही होत नाही, हे त्यांना लहानपणापासून खुपायचं. धूळ तीच, घर तेच, मग मलाच का? त्या एका प्रश्नामागे त्या भिवंडीच्या कॉलेजात गेल्या, पुढं मुंबईला गेल्या आणि शेवटी आतड्याच्या अस्तरापाशी येऊन थांबल्या. लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "प्रयोगशाळेतल्या माझ्या उंदरांना मग कोण बघेल?"

नाकाच्या तक्रारीसाठी पोटात काय शोधायचं, हे आईंना कधीच पटलं नव्हतं. कुंदाताई दर शनिवारी घरी यायच्या. अशाच एका शनिवारी आई ओटीवर तांदूळ निवडत होत्या आणि कुंदाताईंनी त्यांना सगळं समजावून सांगायचं मनावरच घेतलं. आतड्याच्या आत एक अस्तर असतं, बारीक बोटांसारखे उंचवटे असलेला पेशींचा एकच पातळ थर. त्याच्या एका बाजूला आपलं खाणं आणि कोट्यवधी जिवाणू, दुसऱ्या बाजूला शरीराचे पहारेकरी. आपण चोथ्याचं अन्न खाल्लं की ते पचवताना जिवाणू काही पदार्थ तयार करतात, त्यानं अस्तर धड राहतं आणि पहारेकरी शांत असतात. अस्तर बिघडलं की नको ते पलीकडं झिरपतं आणि पहारेकरी चवताळतात. ते एका जागी थोडेच बसतात? रक्तातून फिरत छातीपर्यंत जातात, आणि तिथं साधी धूळ आली तरी शत्रू आल्यासारखे तिच्यावर तुटून पडतात. श्वासनळ्या सुजतात, दम लागतो.

आईंनी एक खडा बाजूला टाकला. "म्हंजे पोटानं चुगली करायची न नाकानं भांडाय जायचं?"

कुंदाताई उठून उभ्याच राहिल्या. "आई! मी पन्नास पानांत लिहिते ते तू एका ओळीत सांगितलंस!" पुढं कुठंही भाषण असलं की त्या हे वाक्य आईंच्या नावासकट सांगायच्या. आईंनाही ते ठाऊक होतं. "माझा पगार कंदी देतंस?" असं त्या दर शनिवारी विचारायच्या.

माझी लेक सई नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. तिला दमा होता आणि रोज दोन वेळा पंप घ्यावा लागे. आमच्याकडं तोवर शेतं जाऊन गोडाऊन उभी राहत होती, दिवसभर ट्रकची धूळ. बायकाही खोकत-शिंकत असायच्या. म्हणून बचत गटानं कुंदाताईंना बोलायला बोलावलं, आणि त्या अशा रंगून बोलल्या की दोन तास कोणी हललं नाही. भाज्या, डाळी, नाचणी, अस्तर, चुगली... टाळ्याच टाळ्या. मी शेवटच्या रांगेत बसून मनाशी ठरवलं. सईचं पोट सुधारायचं आणि पंप बंद करायचा. नाचणीची आंबील सुरू केली, पालेभाज्या सुरू केल्या. कुणाला विचारलं नाही. तीन आठवडे पोर छान खेळत होती आणि मी स्वतःवरच खूश होते.

चौथ्या आठवड्यात शेजारी हळद होती. फटाक्यांचा धूर, नाचणाऱ्यांच्या पायांची धूळ. सई नाचता नाचता थांबली आणि खांबाला धरून उभी राहिली. जवळ गेले तर तिला बोलता येत नव्हतं. ओठ काळसर झालेले, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. रिक्षावाल्या भैयानं "दीदी, बच्ची को सीधा बिठाओ, लिटाना मत," म्हणत वाट काढत भिवंडीच्या दवाखान्यात पोचवलं. ऑक्सिजन, वाफेचं औषध... दोन तासांनी तिनं पाणी मागितलं, तेव्हा मी भिंतीला टेकून रडले.

कुंदाताई मुंबईहून धावत आल्या. त्यांनी विचारलं, "पंप कधीपासून बंद आहे?" मी म्हटलं, "तुमचं भाषण झाल्यापासून." मला वाटलं, आता मला फाडून खातील. त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे, शुभा. उंदरांची गोष्ट मी माणसांची करून सांगितली. टाळ्या मिळत होत्या ना..."

पुढच्याच रविवारी त्यांनी त्याच बायकांना परत बोलावलं. सईला शेजारी बसवलं आणि हात जोडून म्हणाल्या, "मागल्या वेळी मी अर्धंच सांगितलं. पोटापासून छातीपर्यंत रस्ता आहे, एवढं आम्हाला दिसलंय. त्या रस्त्यानं दमा बरा कसा करायचा, ते मला अजून येत नाही. भाजी खा, आंबील प्या, चांगलंच आहे. पण डॉक्टरांनी दिलेला पंप माझ्या भाषणावरून सोडू नका." मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "माझ्या नातवाचा मी सोडलाय..." मग दुसरीनंही आपल्या नातीचं तेच सांगितलं. कुंदाताईंनी लगेच दोघींना नातवंडांसह डॉक्टरांकडं पाठवायचं ठरवलं. नंतर औषध नसलेला रिकामा पंप आणि त्याची प्लास्टिकची नळी काढून प्रत्येकीला श्वास कसा ओढायचा, कसा रोखायचा ते करायला लावलं. आईंनी श्वास रोखला तो सोडेचनात. "आई, सोड गो!" कुंदाताई ओरडल्या, आणि आईंच्या तोंडून हसूच फुटलं. पाठोपाठ सगळा गट हसत सुटला. सगळ्यांत जास्त हसत होती सई.

सई आता वीस वर्षांची आहे, पंप तिच्या पर्समध्ये असतो आणि हळदीला पहिल्यापासून शेवटपर्यंत नाचते. कॉलेजात जीवशास्त्र घेतलंय, तेही हट्टानं. कुंदाताईंशी तिचं फोनवर भांडण चालायचं, "आत्या, अजून औषध सापडलं नाही? करता काय दिवसभर?" तिकडून गडगडाटी हसणं ऐकू यायचं.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघी त्यांचं सामान आणायला प्रयोगशाळेत गेलो. आई पहिल्यांदाच तिथं आल्या होत्या. विद्यार्थिनीनं सांगितलं, "मॅडम शेवटच्या दिवशी जे बघणार होत्या, ते मी तसंच ठेवलंय." सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या आतड्याचं अस्तर होतं, गुलाबी रंगवलेलं. सईनं स्टूल ओढलं, आईंना बसवलं, त्यांचा चष्मा काढून डोळा भिंगाला लावून दिला. मग आई पुटपुटल्या, "अगो बाय... कितीक बोटं हाईत! सगली हात वर करून उभी!"

सईनं हळूच त्यांच्या खांद्याला हात लावला. "आजी, आता मला बघू दे ना."

आईंनी भिंगावरचा डोळा हलवला नाही. "थांब जरा," त्या म्हणाल्या. "माझी पोर तीस वरीस बघत व्हती. मना घडीभर बघू दे."