'फेअर' शब्दाचं गोत

पार्से गावच्या शिवदास मास्तरांनी शब्दांची मुळं खणण्यात जन्म घालवला, आणि त्याचं कौतुक असणारा माणूस गावात एकही नव्हता. बायको गेल्यावर घरात सोबतीला उरला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश. तोही पुरता त्यांचा नव्हे. गोवा मुक्त झाल्यावर ते आणि शिवोलीचे गोकुळदास एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा दोघांनी मिळून तो बेळगावहून आणला होता. एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. पहिल्या रविवारी, दोन्ही गावांमधल्या नदीवर, चोपड्याच्या धक्क्यावर देवघेव व्हायची आणि गप्पांत दोन-तीन फेरीबोटी सुटून जायच्या.

पंचवीस वर्षं हे चाललं. मग राजभाषेचं आंदोलन पेटलं. शिवदास मराठीचे, गोकुळदास कोकणीचे. एका रविवारी धक्क्यावर वाद जुंपला आणि मास्तर चारचौघांत बोलून गेले, "तुझी कोकणी ती भास काय रे? बाजारात मासळी घेवक पुरता, बस!"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. बरं, कोकणी ही भाषाच नव्हे, हे बोलले तेही कोकणीतच! गोकुळदास पुस्तक न घेताच बोटीत चढले. गोवा घटकराज्य झालं, पुढे दोन वर्षं सरली, तरी ते आले नाहीत. चूक आपली, हे मास्तरांना रोज कळायचं. वळायचं मात्र नाही.

एका दुपारी 'फेअर' (fare) शब्दापाशी त्यांचं बोट थांबलं. जन्मभर मुलांना त्याचा अर्थ सांगितला तो भाडं. पण हजार वर्षांपूर्वी तो नुसता 'जाणं' होता. मग प्रवास, प्रवासाचं भाडं, भाडं देणारा उतारू, अगदी पानात वाढलेलं अन्नसुद्धा. निरोपाच्या 'फेअरवेल'मध्येही तोच, म्हणजे सुखरूप जा. आणि आपली फेरीबोट त्याच्याच गोतातली!

मास्तर ताडकन उठले. सांगायचं कुणाला? परसात काजू वेचणाऱ्या शेजारच्या भाग्यलक्ष्मीला सांगितलं. "बरां," म्हणाली आणि पुढच्या झाडाखाली गेली. तेव्हा त्यांना इतकं एकटं वाटलं की पुस्तक काखोटीला मारून ते थेट शिवोलीला निघाले. आज माफी मागायचीच.

गोकुळदासांनी खुर्ची दिली. मालतीवहिनींनी चहा आणला. आणि मास्तर 'फेअर'पासून जे सुरू झाले ते अर्धा तास थांबले नाहीत. गोकुळदासांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पूर्वीसारखा एकही प्रश्न विचारला नाही.

"आनी काय सांगूचा आसा?" शेवटी त्यांनी विचारलं, आणि बराच वेळ वाट पाहिली.

मास्तरांनी कपातला गार चहा संपवला. "नाय. इतक्याच," म्हणाले.

"मगे ता पुस्तक तुझ्याकडेच ऱ्हवांदी," गोकुळदास म्हणाले. "माका आता नको."