पाव शेराचा चाकू

माझ्या चाकूचं वजन पाव शेर होतं. तागडीत घालून बघितलेलं नाही, पण बंडीच्या खिशात ठेवला की डावा खांदा खाली यायचा आणि बायको म्हणायची, तुमी एका चाकाच्या गाडीसारखं चालता. घाटात मोडून पडलेल्या मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पातं, म्हशीच्या शिंगाची मूठ, आणि पातं मिटू नये म्हणून मुठीच्या पाठीवर पितळी खटका. गावच्या लोहारानं तो तीन दिवस ठोकला. उघडताना असा आवाज व्हायचा की पारावरची कबुतरं उडून शेजारच्या गावात जाऊन बसायची. माझ्यामुळं त्या गावाला कबुतरांची कधी टंचाई पडली नाही.

त्या काळी आमच्या भागात चाकू नसलेला माणूस म्हणजे टोपी नसलेला माणूस. पायात बाभळीचा काटा मोडला, चाकू काढा. बैलाची वेसण घासून नाकाला काचली, चाकू काढा. दातवणाला लिंबाची काडी, हुरड्याचं कणीस, तुळजापूरच्या नारळाची शेंडी, सगळ्याला चाकू. प्रश्न एवढाच, चाकू केवढा असावा. त्यावर आमच्या पारावर जेवढी भांडणं झाली तेवढी बांधावरून झाली नसतील. अर्धं गाव हलक्या चाकूच्या बाजूचं, अर्धं जड चाकूच्या. जडवाल्यांचा म्होरक्या मी. हलक्यावाल्यांचा म्होरक्या माझा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ, माझ्याच वयाचा. तो बहिणीच्या गावाला कायमचा राहायला आला होता, आणि माझं प्रत्येक वाक्य खोडून काढणं हा त्याचा धंदा होता. त्याच्याकडं सोलापूरहून आणलेला करंगळीएवढा चाकू होता.

"दाजी," तो चारचौघांत म्हणायचा, "तुमचा चाकू उघडायला एक माणूस लागतो अन् मिटायला दुसरा. मधल्या वेळात कणीस वाळून जातं."

मी त्याला सांगायचो की या चाकूनं मी एका सकाळी बाभूळ आडवी केली आहे. तो विचारायचा, बाभूळ पेरली होती का उगवली होती. एक गोष्ट मात्र मी त्याला कधी सांगितली नव्हती. खटका सरळ जोर सोसायचा, पण पातं आडवं पिळलं की त्याची पकड सुटायची. हे फक्त मला आणि लोहाराला ठाऊक होतं, आणि लोहार बोलणाऱ्यातला नव्हता.

ते निजामीचं शेवटचं वर्ष. सोलापूरच्या अंगाला स्वराज्य आलं होतं, आमच्या अंगाला हैदराबादचा अंमल होता, आणि मधल्या नाक्यावर माणसं श्वास धरून जायची. हत्यार सापडलं की माणूस आत, हे सगळ्यांना माहीत. पण हत्यार कशाला म्हणायचं, हे नाक्यावरच्या माणसाच्या त्या दिवशीच्या मनावर होतं. आमचा पानमळा होता. आठवड्याला पानांचे करंडे भरून सोलापूरच्या बाजारात न्यावे लागत. मेहुणा म्हणाला, दाजी, तो लोखंडाचा तुकडा घरी ठेवा. बायको म्हणाली, घरी ठेवा. सासू कधी माझ्याशी बोलत नव्हती, तीसुद्धा चुलीपाशी बसून कुणाला तरी म्हणाली की घरी ठेवला तर बरं. एवढ्या लोकांनी सांगितल्यावर ठेवायचा कसा? मी तो बंडीत घातला.

मी आणि मेहुणा गाडी घेऊन नाक्यावर पोचलो तेव्हा दंव अजून वाळलं नव्हतं. आमच्या पुढं तीन गाड्या. दोन शिपाई आणि एक जमादार. जमादार उंच, दाढी मेंदीनं लाल, डोळे रात्रभर जागल्यासारखे. तपासणी चालू असताना तो सारखा मागं वळून बघत होता, जिथं त्याचं राहायचं घर होतं, दाराला गोणपाटाचा पडदा लावलेलं. आमची पाळी आली. मेहुण्यानं आपला चाकू दाखवला, शिपाई हसला आणि म्हणाला, इससे मच्छर मारता क्या? मग त्यानं माझ्या बंडीकडं बोट केलं. खांदा कललेला होताच.

जमादारानं हात पुढं केला. आणि इथं मी जे केलं ते आमच्याकडं कुणीही केलं असतं. आमच्यात धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत. दिली की दोघांचं वाजतं. देणाऱ्यानं भुईवर ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची. मी मोठ्या अदबीनं वाकून चाकू जमादाराच्या बुटापाशी मातीत ठेवला.

शिपायाच्या बंदुकीचं तोंड माझ्याकडं वळलं. त्याला वाटलं, मी हत्यार साहेबाच्या पायावर फेकलं. मागच्या गाडीवरची बाई पोराचं रडं पदरानं दाबू लागली.

"जमीन पे कायकू डाला?" जमादार म्हणाला.

मी सांगितलं, सरकार, हाताहाती दिला तर तुमच्यात माझ्यात भांडण लागंल.

"मतलब तू मेरे से भांडण करनेवाला था?"

याला काय उत्तर द्यावं? हो म्हटलं तरी मेलो, नाही म्हटलं तर मग ठेवलास कशाला. मेहुणा करंड्याच्या गाठीकडं असं बघत बसला जणू ती गाठ त्यानं जन्मात पहिल्यांदा बघितली. जमादारानं स्वतः वाकून चाकू उचलला. पहिल्या झटक्याला तो उघडला नाही. दुसऱ्याला उघडला, आणि त्या आवाजानं नाक्यावरची होती नव्हती ती कबुतरंही गेली. त्यानं पात्यावर बोटं ठेवून मोजलं. पाच बोटं भरली आणि वर थोडं उरलं.

याचं काय करतोस, त्यानं विचारलं. करंडे बांधायची केळीची सोपटं कापतो म्हणालो असतो, पण सोपटं कापायचा चाकू मेहुण्यानं आत्ताच दाखवला होता. माझ्या चाकूला आता काम उरलं नव्हतं. आणि माझ्या जिभेला काम उरलं नाही की ती स्वतः शोधून आणते.

मी म्हणालो, सरकार, हे हत्यार न्हाय, औजार आहे. जनावरानं ओला पाला खाल्ला, पोट फुगलं, की डाव्या कुशीत हा घालायचा आणि वारा सोडायचा. नाजूक चाकूचं ते काम न्हाय. त्यानं विचारलं, किती जनावरं वाचवलीस. मी म्हणालो, साठ. मग साठ कमी वाटली म्हणून सत्तर. हत्तीसुद्धा जिभेवर आला होता, त्याला मी मोठ्या कष्टानं मागं लोटला.

जमादाराच्या तोंडावरची रेघ न् रेघ बदलली. तो शिपायाला म्हणाला, बंदूक खाली कर. मला म्हणाला, चल. आणि गोणपाटाच्या पडद्याच्या बाजूनं मागच्या अंगणात घेऊन गेला.

तिथं म्हैस उभी होती. चारी पाय फाकलेले, जीभ बाहेर, डावी कूस कण्याच्याही वर चढलेली. रात्री दावं तोडून कुणाच्या तरी शेतातला भुईमुगाचा ओला पाला खाऊन आली होती. तिच्या कुशीवर मी टिचकी मारली तर हलगीसारखी वाजली.

जमादार हळू बोलला, त्यामुळं जास्त भीती वाटली. म्हणाला, बच्चा इसीच का दूध पीता. बची तो तू जा, तेरी गाडी जा. मर गई तो हत्यार के जुर्म में अंदर. आणि चाकू माझ्यापुढं धरला. भांडण लागायचं ते लागलंच होतं, मी तो हाताहातीच घेतला.

आता खरं सांगतो. जनावराची कूस फोडताना मी आयुष्यात एकदा बघितली होती. मामाच्या बैलाला एका धनगरानं वाचवलं तेव्हा. शेपूट धरायला मी होतो, आणि नेमका चाकू आत जायच्या क्षणी माझे डोळे मिटलेले होते.

मेहुणा माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. ओठ न हलवता म्हणाला, "दाजी, डावी बाजू का उजवी?"

"डावी."

"तुमची डावी का म्हशीची?"

मला त्याही वेळी त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं. पण धनगराची एक गोष्ट मला आठवली. छिद्र उघडं राहावं म्हणून त्यानं पपईच्या देठाची नळी आत घातली होती. अंगणाच्या कोपऱ्यात पपई होती. मी मेहुण्याला नळी कापायला सांगितलं आणि त्यानं आपल्या त्या करंगळीएवढ्या चाकूनं ती अशी नीट, अशी झटक्यात कापली की त्याबद्दल मी त्याला आजवर क्षमा केलेली नाही.

माकडहाडापासून नव्हे, कंबरेच्या हाडापासून वीतभर पुढं, फासळ्या संपतात तिथं, खळी असायला हवी तिथं आता टेकाड होतं. मी पात्याचं टोक टेकवलं. जमादाराचा श्वास माझ्या मानेवर येत होता. म्हैस कण्हली आणि तिचे मागचे गुडघे वाकायला लागले. बसली की संपलं, एवढं मला कळत होतं.

पडद्यामागून बाईचा आवाज आला, "उन्हों से नक्को डरो. भैंस कू देखो."

मी पहिला जोर लावला. कातडं नुसतं आत गेलं आणि परत आलं. म्हशीचं कातडं काय चीज असतं ते मोटारीच्या पाट्याला विचारा. आई भवानीला मी त्या क्षणी जे जे बोललो ते सगळं फेडायचं तर तुळजापुरात तीन घरं भाड्यानं घ्यावी लागली असती. मग मुठीवर दुसरा हात ठेवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. पातं आत गेलं.

जो वारा सुटला त्यानं शिपायाचा फेटा उडून नाक्याच्या पलीकडं स्वराज्यात जाऊन पडला. फेटा पडला नसेल तर निदान हलला असेल. वास मात्र खरा होता. हिरवा, आंबलेला, डोळ्यांतून पाणी काढणारा. मेहुण्यानं नळी पुढं केली. नळीला वाट हवी म्हणून मी पातं आडवं फिरवलं, आणि फिरवताक्षणी आठवलं की हे करायचं नसतं.

खटका सुटला. पातं माझ्या दोन बोटांवर मिटलं.

ओरडता येत नव्हतं. सत्तर जनावरं वाचवणारा माणूस ओरडत नाही. हात काढून घेता येत नव्हता, काढला असता तर छिद्र मिटलं असतं. रक्त म्हशीच्या कुशीवरून खाली चाललं होतं आणि जमादाराला ते म्हशीचंच वाटत होतं. मेहुण्यानं बघितलं. त्याचं तोंड पांढरं पडलं. पण त्यानं नळी पात्याच्या कडेनं आत सरकवली, दुसऱ्या हातानं पातं उचलून माझी बोटं सोडवली आणि पुटपुटला, "दाजी, हसा."

मी हसलो. तसं हसणं देव वैऱ्यावरही आणू नये.

नळीतून फेस आला, मग नुसता वारा, मग कूस थोडी थोडी उतरत गेली. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझ्या हिशेबानं तेवढ्या वेळात दोनदा ज्वारीची सुगी झाली. म्हशीनं मान हलवली, मोठी ढेकर दिली आणि तोंड हलवायला लागली. पडद्यामागून बाईनं पाण्याची घागर बाहेर सरकवली. मी हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून पाठीमागं लपवला.

जमादारानं म्हशीच्या पायाशी पडलेला चाकू उचलला, पेंढीवर पुसला, मिटला. शिपायाला म्हणाला, हत्यार नहीं है, औजार है, गाडी छोड दो. वाद मी जिंकलो होतो. पारावर सांगायला आता जन्मभर पुरेल एवढं झालं होतं. मग त्यानं चाकू स्वतःच्या खिशात टाकला आणि म्हणाला, भैंस मेरी, तो जरूरत भी मेरी. तू उस्ताद है, दूसरा बना ले.

मी मान हलवली आणि चार पावलं गेलो. मेहुणा गाडीकडं पळतच होता. पानं सुकत होती, बंदुका तिथंच होत्या, आणि आणखी बोलणारा माणूस मूर्ख. पण ते पातं त्या माणसाच्या खिशात होतं. म्हैस उद्या पुन्हा दावं तोडणार होती, आणि ते दूध पिणारं त्याचं पोर एक दिवस त्याच्या खिशात हात घालणार होतं. मी परत फिरलो.

"सरकार, पातं आडवं फिरवू नका. मिटतं."

त्यानं विचारलं, तुला कसं माहीत. मी हात आणखी मागं नेला. त्यानं माझा हात पुढं ओढला, सोगा उलगडला आणि बोटांवरची चीर बघितली. शिपाई पुन्हा जवळ आला.

"सत्तर?" जमादार म्हणाला.

"एक, सरकार."

"कौनसी?"

मी म्हशीकडं बघितलं. त्यानंही बघितलं. ती रवंथ करत होती.

"हीच."

त्याच्या दाढीत काहीतरी हललं. हसू होतं की राग, हे मला आजही सांगता येत नाही, आणि मी न सांगता येणाऱ्या गोष्टी सांगण्यात पटाईत माणूस आहे. त्यानं पडद्याकडं हात करून काही मागितलं. आतून हळदीचा पुडा आला. तो त्यानं माझ्या बोटांवर उपडा केला, फडक्यानं करकचून बांधलं आणि म्हणाला, निकल, इसके पहले मेरे कू गुस्सा याद आए.

चाकू मात्र खिशातून काढला नाही. मीही मागितला नाही.