तोंड न लावलेली बासरी

डरेसर काका बासरी हातात घेण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे. लाल साबणाने, एकदा नव्हे दोनदा, आणि नळ कोपराने बंद करायचे. मग दोन्ही हात वर धरून, पाणी कोपरावरून गळू देत, समोरच्या खोलीत येऊन बसायचे. अमरावतीत कॉलेजला आलो आणि त्यांची मागची खोली भाड्याने बघायला गेलो, तेव्हा ते असेच हात वर करून उभे होते. मला वाटलं, हा माणूस देवाकडे काहीतरी मागतोय.

"काय पाह्यतं?" ते म्हणाले. "खोली पाहाले आला ना? जा, पाहून घे. मायं काम चालू हाये."

त्यांचं नाव पुंडलिकराव वानखडे. सरकारी दवाखान्यात त्यांनी सारी नोकरी जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात काढली. दवाखान्यात अशा माणसाला ड्रेसर म्हणतात. गल्लीने त्याचं डरेसर केलं आणि तेच नाव कायम झालं. मी नांदगाव खंडेश्वरचा, म्हणून ते मला 'नांदगाव' म्हणत. "ए नांदगाव, चहा झाला, ये." आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. शहरात कुणाशी कसं बोलावं हेही मला धड कळत नव्हतं. त्या घरात मला रोज चहाला हाक मारणारं कुणी होतं, हे मी विसरू शकत नाही.

दर रविवारी सकाळी बासरीचं काम चाले. बांबूच्या बारीक काडीला मलमलचा तुकडा गुंडाळून ते बासरीच्या पोटातून हळूच फिरवत. मग दुसऱ्या तुकड्यावर तिळाच्या तेलाचे दोन थेंब घेऊन आतून-बाहेरून हात फिरवत. फुंकायच्या भोकाच्या काठाला तेल लागू देत नसत. शेवटी बासरी खिडकीकडे धरून एक डोळा मिटून आत पाहत. बांबूला भुंगा तर लागला नाही ना, याची खात्री करत. दोन्ही टोकांना मेणाचा दोरा गुंडाळलेला होता, तोही बोटाने चाचपत. हे सगळं झालं की बासरी जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून, कडुलिंबाचा वाळका पाला घालून पेटीत ठेवत. आणि रविवार संपे. बासरी कधीच ओठांपर्यंत जात नसे.

मला याचा अर्थ लागत नव्हता. किराणा दुकानदार सांगायचा की काका एके काळी फार मोठे वाजवणारे होते, काहीतरी मनाला लागलं आणि सोडून दिलं. शेजारच्या मावशी म्हणायच्या, त्यांना फुंकसुद्धा मारता येत नाही. मला लहानपणापासून बासरी शिकायची होती. मी धीर करून विचारलं, "काका, मला शिकवाल?"

"शिकोतो. पयले हात धू."

त्या रविवारपासून त्यांनी मला शिकवलं, पण फक्त पुसायला. मलमल किती घट्ट गुंडाळायची, तेल किती, दोरा कसा ओढायचा. "पट्टी अशी बांधाची का पेशंट इसरला पाह्यजे का पट्टी हाये," ते म्हणत. "लई आवळली त आंग कायं पडते. ढिली सोडली त काय फायदा?" मी वर्षभर पुसत राहिलो. मनाशी ठरवलं होतं, ही परीक्षा असावी. मोठे शिकवणारे आधी सेवा करून घेतात, मग विद्या देतात. काकू आतून म्हणत, "अवो, त्या बासरीपाई तुमी पोट्ट्याले परीक्षेत नापास करसान. त्याचं पुस्तक तिथं धूळ खाऊन राह्यलं."

"पुस्तकाले बी पुसावं लागते," काका म्हणत.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा संपल्या आणि काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. अकोल्याला त्यांची मुलगी रेखाताई राहते, तिच्याकडे महिनाभर जायचं होतं. काकूही निघाल्या. घराची किल्ली आणि पेटी माझ्याकडे आली. तेव्हा काकांनी मला पहिल्यांदा खरं सांगितलं.

बासरी त्यांची नव्हतीच. बावीस वर्षांपूर्वी चिखलदऱ्याकडचा सोमा नावाचा माणूस पाय सडला म्हणून दवाखान्यात आला होता. काका रोज त्याची पट्टी बदलत. एक दिवस त्याला नागपूरला हलवायचं ठरलं. गाडीत चढवताना त्याने बासरी काकांच्या हातात दिली आणि म्हणाला, "साहेब, ठेवा. येतो मी." तो आला नाही. काका दोनदा चिखलदऱ्याला जाऊन आले. "सोमा कोन, मनून इचारलं त पाच जन उभे राह्यले," ते म्हणाले. "पाचायचे बी पाय चांगले."

"मग तुम्ही कधी वाजवून पाहिली नाही?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी परक्याच्या ताटात हात घातला होता. "अमानत हाये, लेका. दुसऱ्याची वस्तू उष्टी कराची का? पूस, तेल लाव, ठेव. तोंड लावाचं नाई. ओली ठेवजो नको, उनात ठेवजो नको. बस."

मे महिना होता. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. कॉलेज बंद, घर रिकामं, कूलर चालू, आणि हाताशी बासरी. तीन दिवस मी फक्त पुसली. चौथ्या दिवशी मनात आलं, एकदाच. कुणाला कळणार आहे? पहिल्यांदा नुसती हवा निघाली. मग रोज दुपारी कूलरसमोर बसून फुंकू लागलो. आठव्या दिवशी आवाज आला. एकच, लांब. मी इतका घाबरलो की बासरी खाली ठेवून दार उघडून बाहेर बघून आलो.

बासरी आतून ओली झाली होती. ओली ठेवायची नाही, उन्हात ठेवायची नाही. मग वाळवायची कुठे? मला सुचलं ते वऱ्हाडात कुणालाही सुचलं असतं: मी ती कूलरच्या वाऱ्यात ठेवली. कूलरचा वारा थंड असतो पण दमटही असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दुपारी लाइट गेली. खोलीचा तवा झाला. थोड्या वेळाने 'टक' असा बारीकसा आवाज आला. फुंकायच्या भोकापासून खालपर्यंत केसाएवढी रेघ गेली होती.

मी हात धुतले. दोनदा, कोपरापर्यंत. पेटीतून मेणाचा दोरा काढला आणि पाच ठिकाणी बासरी बांधली, जसं शिकवलं होतं तसं. दुसऱ्या दिवशी सकाळची अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूरपर्यंत मी फक्त एकच विचार करत होतो: बावीस वर्षं ज्या माणसाने एकदाही तोंड लावलं नाही, त्याला काय सांगायचं? गाडी चुकली असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

काका रेखाताईकडे पलंगावर बसले होते, काळा चष्मा लावून. मी बासरी त्यांच्या हातात दिली आणि सांगून टाकलं. "काका, मी तोंड लावलं. तडकली."

ते बोटाने एकेक बांधणी चाचपत गेले. तिसऱ्याशी थांबले.

"हे ढिली हाये."

"हो काका."

"बाकीच्या चांगल्या हायेत." मग हळूच म्हणाले, "आवाज आला होता?"

"आला होता."

"कसा?"

मी म्हणालो, लांब होता. मग म्हणालो, जाडसर. मग म्हणालो, मला नीट माहीत नाही. दारात उभ्या काकू म्हणाल्या, "सांगून काय समजते? तडकली त तडकली. वाजव आता. बावीस वर्सं मी बी त्या पेटीची बडदास्त पाह्यली, मले बी आयकू दे."

मी काकांकडे बघितलं. ते नाही म्हणाले नाहीत. मी तिसरी बांधणी पुन्हा आवळली आणि फुंकली. आधी हवा, मग तोच एक आवाज, आता जरा घोगरा, चिरेतून भुणभुण करणारा. श्वास संपेपर्यंत मी तो धरून ठेवला. काकांच्या चष्म्याखालून पाणी आलं. रेखाताई धावली, "बाबा, डोळ्यात पाणी येऊ देऊ नका, डॉक्टरनं सांगितलं." ते थेंबांच्या औषधाचं पाणी होतं की दुसरं कसलं, मला आजही सांगता येणार नाही. ते रागावले होते की मनातून मोकळे झाले होते, तेही नाही. तोंडावर काहीच दिसत नव्हतं.

"पूस," ते म्हणाले. "ओली ठेवू नको."

मी पुसली. निघताना न राहवून विचारलं, "काका, सोमा आला तर त्याला काय सांगायचं?"

"सांगजो, वाजते मनून."

काका त्यानंतर चार वर्षं होते. दर रविवारी बासरी पुसली जाई, आणि पुन्हा कुणी ती वाजवली नाही. मी विचारायची हिंमत केली नाही. त्यांनी तो विषय काढला नाही. मागच्या वर्षी ते गेले. मी आता अकोल्यातच एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करतो. तिथे सगळे म्हणतात माझा हात फार हलका आहे, पेशंटला सुई कळत नाही. मी तो कुठे शिकलो हे सांगायला गेलो, तर बासरीचं ऐकून लोक गोंधळतात, म्हणून आता सांगत नाही. तेराव्यानंतर काकूंनी पेटी माझ्या हातात दिली. "घेऊन जा बाबू. तुयाशिवाय कोन पुसनार हाये?"

दर रविवारी मी कोपरापर्यंत हात धुतो. मलमल फिरवतो, तिळाच्या तेलाचे दोन थेंब लावतो, पाचही बांधण्या चाचपतो. काकांनी सांगितलं होतं, तोंड लावायचं नाही. काकांनीच सांगितलं होतं, सोमाला सांग की वाजते. या दोन्हींतलं कुठलं पाळायचं, हा हिशोब मला अजून जमलेला नाही. पण सोमा उद्या दारात उभा राहिला, आणि या आठवड्यात ती वाजते की नाही हे मी पाहिलेलंच नसेल, तर त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून पुसण्याआधी मी एकदा फुंकतो. एकच, लांब. मग पुसतो. ओली ठेवत नाही.