नावेवरचा पांढरा पट्टा

माझा स्वभाव मुळातच किरकिरा. आमटीत मीठ कणभर जास्त झालं तरी मी बोलून दाखवणार. घरचे याला खोड म्हणत. सरकारने मात्र याच खोडीचा पगार दिला. बऱ्हाणपूरच्या घाटावरून तापीपलीकडे जैनाबादला जाणाऱ्या नावा तपासायचं काम मला मिळालं. प्रत्येक नावेला बाहेरून पांढरा पट्टा रंगवलेला असे. माणसं बसल्यावरही तो पाण्याच्या वर दिसला पाहिजे. बुडाला तर माणसं उतरवायची. काम एवढंच, पण त्यात डोळेझाक चालायची नाही.

पूर्वी माझ्या जोडीला एक शिपाई असायचा. छप्पन साली राज्य बदललं, हुकूम नागपूरऐवजी भोपाळहून येऊ लागले आणि त्या गोंधळात शिपाई गेला तो गेलाच. मी वर कळवलं, उत्तर आलं नाही. मग मी लोकांना समजावून उतरवायचो, आणि कुरकुरत का होईना, लोक ऐकायचे.

पुढच्या कार्तिकात धाकट्या बहिणीचं लग्न झालं. पाऊस लांबल्यामुळे तापी अजून फुगलेली होती. पाठवणीला वऱ्हाड घाटावर आलं आणि सगळं एकाच नावेत चढलं. नवरी ज्या नावेत, तिच्यातच वरपक्षाच्या थोरांनी बसायचं. मागच्या नावेत बसणं म्हणजे कमीपणा. पट्टा पार पाण्याखाली गेला.

मी हात जोडून म्हणालो, "थोड्या जणांनी उतरा, मागची नाव लगेच सोडतो."

नवऱ्याचे काका जागचे हलले नाहीत. "पोरीचा भाऊ आमाले उतरवते का? हा कोनता रिवाज?"

"रिवाज नाही काका, नियम आहे."

"तुमचा नियम नागपूरले गेला आता!"

नावेत हशा पिकला. वडील धावत आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून काकांपुढे धरली आणि मला हळूच म्हणाले, "बाबू, आज गप राय. तिले तिथं जलम काढाचा आहे."

नावेचा दोर माझ्या हातात होता. तो धरून ठेवला असता तर त्याचं उट्टं त्यांनी तिच्यावर काढलं असतं. सोडला तर खाली तापी होती, आणि तिला पोहता येत नव्हतं.

तेवढ्यात पदर सारून बहीणच म्हणाली, "दादा, मी उतरू का?"

नावेतल्या बायका एकदम तिच्यावर ओरडल्या. पाठवणी झालेल्या मुलीने मागे पाऊल टाकायचं नसतं. उतरायला तयार असलेली ती एकटी, आणि तिलाच मुभा नव्हती.

वडिलांनी माझ्या हातातून दोर घेतला आणि सोडून दिला.

मधल्या धारेत नाव कलली. किंकाळ्या इकडे ऐकू आल्या. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो, त्यापुढे काही करण्यासारखं नव्हतं. बहिणीचा हिरवा शालू तेवढा दिसत होता. नाव सावरली आणि पैलतीराला लागली. मी काठावर येऊन ढसाढसा रडलो.

"पाह्य, पोचली ना?" वडील म्हणाले. "उगीच तमाशा केला."

पुढची नाव भरली. तिचाही पट्टा बुडाला. मी उतरायला सांगितलं, तर मांडीवर टोपली घेतलेली एक बाई हसून म्हणाली, "बहिणीले जाऊ देलं ना? मंग आमालेच काऊन?" नावाड्याने माझ्याकडे न पाहता नाव लोटली.

माझं म्हणणं खरं ठरायला ती पहिली नाव बुडायला हवी होती, आणि तीत माझी बहीण होती.