चाचांचा अंगठा

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो दौंडच्या काचवाल्या चाचांचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तो सगळा अभ्यास त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर झाला. पुढे शिरूरला शिक्षक झालो, तरी रविवारी दौंड गाठायचो, काचेची शिल्पं शिकायला. खिडकीच्या काचेचे तुकडे एकावर एक रचून भट्टीत एकजीव करायचे, सावकाश गार होऊ द्यायचे, मग फिरत्या दगडी चाकावर पाणी सोडत कोरायचे. तुकडे एकाच शीटचे हवेत, नाहीतर गार होताना तडकतात. मला सगळं पाठ होतं.

लग्नानंतर बायकोही येऊ लागली. वरवंडच्या फुलशेतीत वाढलेली. तिला पाठ काहीच नव्हतं.

चाचा काम बघत नसत. डोळे मिटून कोरीव कडेवरून अंगठा फिरवत. पुण्याच्या प्रदर्शनात दुकानातून एकच वस्तू जाणार होती. मी कोरलेल्या काचेच्या माशावरून अंगठा एकदा फिरला. "चूक काढाया जागा न्हाई, मास्तर. लई झ्याक!"

मग तिची बसलेली कोंबडी. अंगठा मानेवरून शेपटीपर्यंत गेला, परत मानेवर आला, पुन्हा निघाला.

"कशी झालीय?" न राहवून मीच विचारलं.

"आं? थांबा की जरा."

कोंबडी पुण्याला गेली.

परतताना एसटीत बायको म्हणाली, "तोंड कशापायी फुगवलंय? कोंबडीनं मासा खाल्ला व्हय?" मला हसू आलं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला तिला घेऊन गेलो, तर सगळे म्हणाले, "सर, तुम्हीच शिकवलं असणार." हो म्हणायला जीभ वळवळली, पण ती शेजारीच उभी होती. वर्षभर तिच्या हातांकडे बघत राहिलो. भाकरी थापतानाही ते हात मला सलायचे.

शेवटी नवा मासा केला आणि सोबत पत्र धाडलं:

"चाचांना सलाम. मासा पाठवतोय. हिला दाखवलेला नाही. चूक नाही असं कृपा करून लिहू नका. फक्त अंगठा फिरवा. एकदाच फिरला तर काही कळवू नका, मी दुसरा करीन. पुन्हा फिरवावासा वाटला, तर मात्र कार्ड टाका, आणि ते हिच्या नावानं टाका. तिनं मला वाचून दाखवावं, एवढीच इच्छा आहे."