बाळकुमच्या दादांचा स्पीड

रविवारी सकाळी डोंबिवलीच्या घरी फोन वाजला. पलीकडे बाळकुमचे धर्मादादा. हॅलोबिलो काही नाही.

"अरं इंजिनेर, दुपारी मेवना जेवाला येनार हाय, आन् गाडीला सगले चौकोन आलेत!"

गाडी म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेममधली. चौकोन कशाचे, ते मला लगेच कळलं. ते मीच आणले होते.

तेव्हा मी ठाण्याच्या एका दुकानात कॉम्प्युटर असेंबल करत होतो. दादांची बाळकुमला जमीन होती, त्यातली थोडी बिल्डरला गेली आणि आमच्या दुकानातून घरात कॉम्प्युटर आला. मुलांच्या अभ्यासासाठी आणलेल्या त्या मशीनवर पन्नाशीचे दादा तीन महिने रेस खेळत होते. त्यांचा मेहुणा कल्याणचा. त्याचं मशीन नवं. त्याच्या घरी जाऊन दादा तीनदा हरले होते आणि तिन्ही वेळा सगळं सासर बघायला बसलेलं. आता सामना दादांच्या घरी होता.

"मशीन स्लो हाय म्हनून माझा हात बसत नाय," दादा म्हणाले होते. "स्पीड वाढव."

मी वाढवला. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग. ते सेकंदाला किती काम करणार, हे कंपनी ठरवून देते, थोडं हातचं राखून. एका छोट्या प्रोग्रॅममध्ये एक पट्टी असते. ती उजवीकडे सरकवली की कार्ड जास्त पळतं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. चालणाऱ्या माणसाला पळायला लावलं की घाम येणारच, तसं कार्ड तापतं, आणि फार तापलं की चित्राचे तुकडे पडतात. आमचे साहेब याच्या सक्त विरोधात. "वॉरंटी जाते. कार्ड गेलं तर तूही गेलास," असं त्यांनी स्वच्छ सांगितलेलं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. अर्धा तास गेम चालवून बघितला, छान चालला. पापलेट खाऊन घरी आलो.

तासाभरात बाळकुमला पोचलो. पडद्यावर रस्त्याऐवजी हिरवे-जांभळे तुकडे. टेबलाखाली वाकलो आणि कारण दिसलं. कॉम्प्युटरच्या अख्ख्या कॅबिनेटवर, म्हणजे डब्यावर, जाड कव्हर होतं. सोफ्याच्या उरलेल्या कापडाचं, आतून अस्तर, खाली झालर, बटणापुरती पुढे चीर. मी त्या दिवशी काम करताना ते काढून ठेवलं होतं. माझी पाठ वळताच वहिनींनी परत चढवलं.

"वहिनी, मशीन चालू असताना हे कशाला?"

"तूच त सांगलास, धुरला लागू देऊ नको!"

धूळ लागू देऊ नका, असं खरंच मीच सांगितलं होतं. दुकानातून प्रत्येक मशीनबरोबर प्लास्टिकचं कव्हर फुकट जायचं आणि हे वाक्यही. वहिनींनी मनावर घेऊन जास्त चांगलं शिवलं, एवढंच. मी त्याचं कौतुकही केलेलं. आता मात्र लाज वाटली.

कार्डला बोट लावलं तर चटका बसला. तेवढ्यात दारात मेहुण्याची जीप थांबली. आता प्रयोग नको. मशीन गार होऊ दिलं, पट्टी गुपचूप मूळ जागी नेली.

"झाला काय स्पीड?" दादांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो. काय झालं ते सांगितलं नाही.

जेवणानंतर सामना. दोघांनी पाळीपाळीने खेळायचं, वेळ कमी त्याची जीत. जुन्या स्पीडला चित्र अडखळत येत होतं. मेहुण्याला गुळगुळीत चित्राची सवय. वळण दिसेपर्यंत त्याची गाडी भिंतीवर. दादांचा हात मात्र तीन महिने याच अडखळण्यावर बसलेला. वळण दिसायच्या आधीच ते वळत होते. दणक्यात जिंकले.

"आमच्या इंजिनेरनं स्पीड वाढवला!" दादांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मेहुण्याने तिथेच माझा नंबर घेतला.

वहिनी कव्हर हातात घेऊन दारात उभ्या होत्या. "मंग आता घालू का नको?"

"चालू असताना नको," मी म्हणालो. त्या दिवसातला तेवढाच खरा सल्ला, तोही गलक्यात कुणी ऐकला नाही.

पुढे वर्षभर बाळकुमपासून विठ्ठलवाडीपर्यंत मला स्पीड वाढवायला बोलावणी आली. मी जायचो, कव्हर काढायचो, पंख्यावरची धूळ पुसायचो. पट्टीला हात लावायचो नाही. मशीन पळायला लागलं असं सगळे म्हणायचे.

दुकानातून कव्हर फुकट द्यायची पद्धत बंद करा, असं मी साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कामं कुठून आली असती?